बाहेरच्या भिंती स्वतः रंगवताना: आधी एक पोपडा उचलून उलटा करा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतोय ते कळेल. दुमजली घर आहे, बाहेरून चार वर्षांपूर्वी रंगवलेलं. पश्चिमेच्या भिंतीला पोपडे सुटलेत, मागची भिंत हिरवी-काळी पडलीये, एका खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा गेलाय. या खेपेला रंगारी न लावता काम स्वतःच करायचंय. आणि तुम्ही विचारलंय: वॉटरप्रूफ रंग कोणता घेऊ, किती लागेल, आणि एक हात पुरेल का?

२३ वर्षं हेच काम करतोय, त्यामुळे तिन्ही प्रश्नांची उत्तरं आहेत माझ्याकडे. पण तुमची खरी अडचण या तिन्हींत आलेलीच नाही. चार वर्षांत रंग का सुटला, हे तुम्ही विचारलेलं नाही. ते कळल्याशिवाय नवा डबा उघडलात तर आणखी चार वर्षांनी, कदाचित दोनच वर्षांनी, पुन्हा इथेच याल.

रंग भिंतीला चिकटतो असं आपण म्हणतो खरं, पण तो चिकटतो त्याच्या लगेच खालच्या थराला. नवा हात जुन्या हाताला, जुना प्रायमरला, प्रायमर पुट्टीला, पुट्टी प्लास्टरला. यातला जो थर कच्चा, तिथून वरचं सगळं एकत्र सुटतं. आणि एक गोष्ट लोकांना उलटी वाटते: कच्च्या थरावर जाड, लवचीक, भारीतला रंग दिला तर तो लवकर सुटतो. वाळताना रंगाचा पापुद्रा आकसतो आणि खालच्याला ओढतो. पातळ चुन्याची ओढ नगण्य असते, जाड ॲक्रिलिकची चांगलीच जाणवते. खालचा थर ती सोसणारा नसेल तर तुम्ही घेतलेला चांगला रंगच त्याला उचकटून काढतो.

म्हणून उद्या सकाळी पहिलं काम. पश्चिमेच्या भिंतीवरून तळहाताएवढा पोपडा अलगद उचला आणि उलटा करून उजेडात धरा. मी नवीन कामाला गेलो की भाव सांगायच्या आधी हेच करतो. पाठ स्वच्छ आणि गुळगुळीत असेल, मागे भिंतीवर जुना रंग तसाच चकचकीत शाबूत असेल, तर गेल्या वेळी धुळीवर किंवा न घासलेल्या तेलकट रंगावर हात मारलेला आहे. पाठीला पांढरी पूड असेल आणि बोटाला खडूसारखी लागत असेल, तर खाली चुना आहे किंवा पुट्टी मऊ पडलीये. बाहेरच्या भिंतीला आतली पुट्टी वापरली की हे हमखास होतं. पाठीला वाळूचे कण चिकटून आले, तर प्लास्टरचं वरचं अंगच सुटतंय, आणि तिथे रंगाचा विषय काढण्यात अर्थ नाही. पाठ ओलसर लागली किंवा तिच्यावर बारीक पांढरे स्फटिक चमकले, तर पाणी भिंतीच्या आतून येतंय. एकाच भिंतीवर दोन जागी दोन वेगळी उत्तरं मिळतात, म्हणून वरून, मधून आणि जोत्याजवळून असे तीन तरी पोपडे काढा.

जिथे रंग अजून दिसायला धड आहे तिथेही विश्वास ठेवू नका. ब्लेडने दीड-दोन मिलिमीटर अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा मारा, खालच्या थरापर्यंत जातील अशा. त्या जाळीवर रुंद चिकटपट्टी घट्ट दाबा आणि एका झटक्यात ओढा. एखाददुसरा चौकोन आला तर चालेल. पाव भाग आला तर ती भिंत खरवडायची आहे असं धरून चाला. शिवाय काळ्या कापडाने भिंत पुसून बघा. कापड पांढरं झालं म्हणजे उन्हाने रंगातला चिकटा मेलाय आणि नुसती भुकटी उरलीये. थोडी भुकटी धुऊन जाते. धुऊन वाळवल्यावरही हाताला लागत राहिली तर ती बांधून ठेवणारा आत मुरणारा प्रायमर लागतो, साधा नव्हे.

ही भुकटी मला स्वतःला महागात पडलीये. धंद्यातलं दुसरं-तिसरं वर्ष असेल. भिंत दिसायला एकदम साफ, पावसाळा तोंडावर, मालक घाईला आलेले. धुतल्यासारखं केलं आणि दोन हात मारून मोकळा झालो. दोन महिन्यांत फोन आला. जाऊन बघतो तर छज्ज्याखाली रंगाची चादरच लोंबत होती. टोक धरून ओढली तर हातभर सरळ निघून आली, मागे माझ्याच प्रायमरसकट. पूर्ण भिंत पदरमोड करून पुन्हा केली. तेव्हापासून काळं कापड खिशात असतं.

आता पाणी. ओल आतून येतेय का हे बघायला साधारण ४५ सेंटीमीटर लांबी-रुंदीचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही कडांनी टेपने हवाबंद चिकटवा आणि किमान १६ तास ठेवा, रात्रभर धरून. थेट ऊन पडेल अशी वेळ टाळा. आतल्या बाजूला थेंब साचले किंवा भिंत गडद दिसली तर ती अजून ओली आहे, आणि तिला बाहेरून कोंडणारा रंग लावणं म्हणजे फुगे विकत घेणं.

म्हणूनच ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द डब्यावर वाचून मला नेहमी थोडी धास्ती वाटते. समोरून येणारा पाऊस तो अडवेल, हे मान्य. पण मागून, वरून, खालून येणाऱ्या पाण्याला बाहेर पडायची वाट तोच बंद करतो. पाणी बहुतेक वेळा चार जागांहून येतं. गच्चीच्या कठड्याचा माथा सपाट किंवा भेगाळलेला असतो आणि पाणी तिथून भिंतीत उतरतं. छज्ज्याच्या खालच्या कडेला खाच नसते, त्यामुळे पाणी ठिबकून खाली पडण्याऐवजी तळाला चिकटून भिंतीपर्यंत सरकत येतं. पन्हळीचा किंवा सांडपाण्याच्या पाइपचा सांधा पाझरत असतो. आणि चौथं, बागेची माती जोत्यावर चढवलेली असते, म्हणजे भिंत ओल्या मातीत उभी. तुमच्या मागच्या भिंतीवर शेवाळ आहे म्हणजे तिथे ऊन कमी येतं हे नक्की, पण हिरवा पट्टा एखाद्या पाइपच्या सांध्यापासूनच सुरू होत असेल तर दोष सावलीला देऊ नका. पावसात छत्री घेऊन दहा मिनिटं घराभोवती फिरा. पाणी कुठून वाहतं ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. मला यापेक्षा चांगली तपासणी अजून सापडलेली नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुमच्या प्रश्नात नाहीत, म्हणून वेगळ्या सांगतो.

घर जुनं, चुन्यात बांधलेलं असेल तर माझं पुढचं रंगाबद्दलचं सांगणं बाजूला ठेवा. तसल्या भिंती पाणी पितात आणि सोडतात, त्यांना श्वास घेऊ देणारा रंगच हवा. चुना द्या किंवा सिलिकेट रंग. सिलिकेट रंगाचं पेटंट जर्मनीत ॲडॉल्फ विल्हेल्म काइम यांनी १८७८ मध्ये घेतलं. हा रंग प्लास्टरवर पापुद्रा धरत नाही, त्याच्याशी रासायनिक सांधा जोडतो, त्यामुळे पोपडा सुटायला मुळात पापुद्राच नसतो. मात्र जुन्या ॲक्रिलिकवर तो धरत नाही, आधी सगळं उतरवावं लागतं.

घरावर फार जुने तैलरंगाचे थर असतील, विशेषतः लाकडावर आणि लोखंडावर, तर त्यात शिसं असू शकतं. अमेरिकेने घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ मध्येच बंदी घातली. भारतात ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग शिसं) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. असा रंग कोरडा घासू नका, गॅसच्या बत्तीने जाळू तर अजिबात नका. पाणी मारून ओला घासा, खाली प्लास्टिक अंथरा, मुखपट्टी साधी कापडी नको, बारीक धूळ अडवणारी घ्या, आणि लहान मुलं घरात असतील तर हे काम जाणकाराकडे सोपवा.

आणि तो तिरका तडा. खिडकीच्या कोपऱ्यात ताण एकवटतो, म्हणून तिथे बारीक तडे जाणं नेहमीचं आहे. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करा, शेजारी तारीख आणि रुंदी लिहा. केसाएवढा असेल, महिना-दोन महिन्यांत खुणेच्या पुढे गेला नाही, तर भरून रंगवा. पुढे सरकत असेल, किंवा रुंदी पाच मिलिमीटरच्या आसपास असेल, किंवा तोच तडा घराच्या आतल्या बाजूलाही दिसत असेल, तर आधी इंजिनिअरला दाखवा.

आता प्रत्यक्ष काम. वेळ कुठे जाणार हे आधीच मनाशी धरा: दहा दिवस लागले तर त्यातले सात तयारीचे. शेवाळापासून सुरुवात करा. घरगुती पातळ ब्लीच एक भाग, पाणी तीन भाग, ब्रशने किंवा फवाऱ्याने लावा, पंधरा-वीस मिनिटं ओलं ठेवा, मग घासून भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे आणि चष्मा हवाच, खालची झाडं आधी पाण्याने भिजवून झाकून घ्या. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा अमोनिया असलेलं दुसरं काहीही मिसळू नका, विषारी वायू होतो. शेवाळ न मारता त्यावर रंग दिला तर ते रंगाखाली जिवंत राहतं आणि पुढच्या ओल्या मोसमात वर येतं.

प्रेशरचं मशीन भाड्याने आणायचं असेल तर आणा, पण नळी वरच्या दिशेला धरून छज्ज्याच्या आणि खिडकीच्या सांध्यांत पाणी कोंबू नका, आणि मऊ प्लास्टरवर जवळून मारू नका. धुतलेली भिंत दिसायला तासात वाळते, आतून दोन-तीन कोरडे दिवस तरी घेते. पांढरे क्षार, म्हणजे लोणा, मात्र पाण्याने धुऊ नका. ते विरघळून पुन्हा आत जातात. कोरड्या कडक ब्रशने झाडून गोळा करा, आणि ओलीचं मूळ बंद करून पुन्हा येतात का हे काही आठवडे बघा.

खरवडताना पट्टी थांबेल तिथे थांबायचं. जे सहज निघतंय ते सगळं काढा, जे घट्ट आहे ते राहू द्या. शाबूत रंगाची कड मात्र पॉलिश पेपरने घासून उतरती करा. बोट फिरवल्यावर पायरी लागता कामा नये, नाहीतर दोन हातांनंतरही भिंतीवर नकाशे दिसतात. चकचकीत भाग घासून निस्तेज करा. ठोकून बघा, जिथे पोकळ आवाज येतो तिथलं प्लास्टर काढून नव्याने करा. नवं सिमेंटचं प्लास्टर मुरायला २८ दिवस द्या. ताज्या प्लास्टरमधला क्षार रंगाला खातो, आणि त्यावर तैलरंग दिला तर तो अक्षरशः साबणासारखा चिकट होतो.

बारीक तडे तारेच्या ब्रशने साफ करून लवचीक फिलरने भरा. जरा मोठे असतील तर पट्टीच्या टोकाने आधी थोडे रुंद कोरून घ्या, नुसतं वरून सारवलेलं टिकत नाही. खिडकीच्या चौकटीभोवती ॲक्रिलिक सीलंट घ्या. शुद्ध सिलिकॉनवर रंग धरत नाही, ती चूक सुधारायला अख्खी दुपार जाते. पुट्टी लागलीच तर बाहेरची, आणि लागेल तिथेच. अख्ख्या बाहेरच्या भिंतीला आरशासारखी पुट्टी फिरवायचा हौशी नाद करू नका. ओल, ऊन, पाऊस यांत तोच सगळ्यात कच्चा थर ठरतो. लोखंडी गजांचा गंज काढून त्याच दिवशी गंजरोधक प्रायमर द्या. प्रायमर बाकीच्या भिंतीला कोणता, हे तुमच्या काळ्या कापडाने ठरवलेलंच आहे.

रंगाचं नाव विचारलं होतंत, तर सिमेंटच्या प्लास्टरसाठी: बाहेरच्या कामाचं शंभर टक्के ॲक्रिलिक इमल्शन, कोणत्याही नीट कंपनीचं वरच्या दर्जाचं. बारीक तडे पुष्कळ असतील आणि भिंत आतून कोरडी ठरली असेल, तरच लवचीक जाड प्रकार. छटा निवडताना एवढं बघा की गेरू, पिवळी माती, तपकिरी, राखाडी या मातकट छटा लोहाच्या ऑक्साइडच्या असतात आणि उन्हाला दाद देत नाहीत. भडक लाल, पिवळे, जांभळे लवकर उडतात. तुमची पश्चिमेची भिंत दुपारभर तापते, तिथे गडद रंग दिला तर ती आणखी तापेल आणि तडे पुन्हा उघडतील.

किती लागेल? घराचा घेर गुणिले उंची, वजा दारं-खिडक्या. समजा घर १० बाय ८ मीटर, उंची ६. घेर ३६, भिंत २१६ चौरस मीटर, २६ वजा करा, राहिले १९०. गुळगुळीत भिंतीवर एका हाताला लिटरमागे १० चौरस मीटर धरायला हरकत नाही, म्हणजे दोन हातांना ३८ लिटर. खरबरीत प्लास्टर असेल तर लिटर सहाच चौरस मीटर पुरतो, आणि तोच आकडा ६३ लिटरवर जातो. डब्यावरचा आकडा गुळगुळीत भिंतीचा असतो, म्हणून एक चौरस मीटर स्वतः रंगवून बघा. सगळे डबे एकाच बॅच क्रमांकाचे घ्या, तरीही एका भिंतीला लागणारा रंग मोठ्या पिंपात एकत्र करूनच वापरा. डबा संपला तिथे छटा बदललेली तिरक्या उन्हात लांबून दिसते.

एक हात पुरणार नाही. झाकलं गेलं म्हणजे झालं असं नसतं. ऊन-पावसाला झुंज देतो तो पापुद्र्याचा जाडपणा, आणि तो दोन हातांशिवाय होत नाही. एकच जाड हात दिला तर वरून वाळतो, आतून ओला राहतो. पाणी डब्यावर सांगितलंय तेवढंच घाला. रोलर हलका फिरावा म्हणून जास्त पाणी घालणारे मी रोज बघतो.

हवेचं गणित सोपं आहे: १० ते ३५ अंश, आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली, रंगवल्यावर निदान सहा तास पाऊस नको, आणि संध्याकाळी दव पडायच्या दोन-तीन तास आधी हात थांबवायचा. पण हवा ३० अंश असताना उन्हातली भिंत ५० च्या पुढे जाते, तिथे इमल्शनमधलं पाणी इतकं झटकन उडतं की त्यातले कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा बनायला वेळच मिळत नाही. म्हणून सावलीच्या मागे फिरा. पश्चिमेची भिंत सकाळी, पूर्वेची दुपारनंतर. वरून खाली या, कडा आणि कोपरे ब्रशने आधी कापून घ्या, खरबरीत भिंतीला १८-२० मिलिमीटर लव असलेला रोलर घ्या, आणि आधीच्या पट्ट्याची कड ओली असतानाच पुढचा पट्टा तिच्यात मिसळा. जेवायला जायचं तर कोपऱ्यापर्यंत किंवा पाइपपर्यंत भिंत संपवून जा, मध्ये सोडलेली कड कायमची दिसते.

आता जे मला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. शिडीचा पाया भिंतीपासून उंचीच्या चौथ्या भागाएवढा लांब: चार मीटरवर टेकली तर पाया एक मीटरवर. मातीवर उभी करत असाल तर खाली फळी, आणि दुसरं माणूस पाय धरायला. कंबरेचा पट्टा शिडीच्या बाजूच्या दांड्याबाहेर जाईल इतकं वाकायचं नाही, उतरून शिडी सरकवायची. विजेची तार जवळून जात असेल तर तीन मीटरच्या आत ॲल्युमिनियमची शिडी किंवा रोलरचा दांडा न्यायचा नाही. आणि खरं सांगायचं तर वरचा मजला खरवडायचं काम शिडीवरून होत नाही. खरवडायला जोर लागतो, आणि जोर लावला की शिडी हलते. त्या भागासाठी परांची बांधून घ्या, किंवा वरचा मजला रंगाऱ्याला देऊन खालचा स्वतः करा. त्यात कमीपणा काही नाही.

दोन माणसं, सुट्टीचे दिवस धरून, वाळायच्या वेळेसकट तीन-चार आठवडे हाताशी ठेवा आणि एका वेळी एकच भिंत पूर्ण करा. सुरुवात मागच्या भिंतीने करा. हात बसेपर्यंत होणाऱ्या चुका रस्त्यावरून दिसणार नाहीत. उरलेला रंग काचेच्या बरणीत काठोकाठ भरा, वर छटेचा क्रमांक, बॅच आणि तारीख लिहून ठेवा.

पण त्याआधी ते तीन पोपडे. पाठीला काय लागलं आणि चिकटपट्टीवर किती चौकोन आले ते कळवा, मग प्रायमरचं नेमकं सांगतो.